व्हिटियर समग्र, सात खंड: वापरानंतरचा अनुभव

जॉन ग्रीनलीफ व्हिटियर (१८०७–१८९२) या अमेरिकन क्वेकर (युद्ध नाकारणाऱ्या ख्रिस्ती पंथातल्या) कवीचं समग्र साहित्य हवं असेल, तर १८८८-८९ ची हॉटन मिफ्लिन या प्रकाशनसंस्थेची सात खंडांची रिव्हरसाइड आवृत्ती घ्यायची. पहिल्या चार खंडांत कविता, उरलेल्या तिनांत गद्य. काही महिने हा संच सतत हाताशी ठेवल्यावर पहिला सल्ला एवढाच, की पहिल्या खंडापासून वाचायला बसू नका. तिथे कथाकाव्यं आणि दंतकथा आहेत. सलग वाचत गेलात तर गुलामगिरीविरुद्ध तीस-बत्तीस वर्षं झुंजलेला माणूस तिसऱ्या खंडापर्यंत नीट भेटतच नाही, आणि तोवर निम्मे वाचक गळालेले असतात.

ही मांडणी ऐंशीच्या घरातल्या व्हिटियरनं स्वतः केलेली आहे. तिचं सूत्र काळ नव्हे, विषय. निसर्ग, आत्मपर, धार्मिक, व्यक्तिपर, प्रासंगिक असे कप्पे पाडले आणि प्रत्येक कप्प्यात कविता साधारण सालवार लावल्या. विषय धरून शोधायला हे ठीक. पण कवीची वाटचाल सात ठिकाणी विखुरते.

त्यावर तोडगा असा, की तिसरा आणि सातवा खंड एकदम उघडा ठेवा. सातव्यात आरंभीच १८३३ चं ‘जस्टिस अँड एक्स्पिडिअन्सी’ हे पत्रक आहे. मुक्त कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत नेऊन वसवण्याच्या योजनेची त्यात चिरफाड आहे आणि तात्काळ मुक्तीची मागणी आहे. पहिल्या पाचशे प्रती व्हिटियरनं पदरमोड करून छापल्या होत्या. ते वाचून मग तिसऱ्यातल्या १८३० च्या दशकातल्या कविता घ्या, म्हणजे त्यांतला आवेश हवेतला वाटत नाही. डिसेंबर १८३३ मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकन अँटी-स्लेव्हरी सोसायटी स्थापन झाली. त्या परिषदेवरचा त्याचा लेखही सातव्यातच आहे. मात्र तो चार दशकांनंतर लिहिलेला आहे, त्यामुळे त्यातली शांत सुरावट १८३३ ची समजू नका.

तिसऱ्या खंडातली ‘मॅसॅच्युसेट्स टू व्हर्जिनिया’ (१८४३) वाचताना शेजारी मॅसॅच्युसेट्सच्या काउंट्यांचा (जिल्ह्यांचा) नकाशा लागतोच. जॉर्ज लॅटिमर या पळून आलेल्या गुलामाला बॉस्टनमध्ये पकडलं, त्यावरची ही कविता. ती एकेका भागाला नावानं हाक मारत उठवत जाते. नकाशा नसेल तर ती नुसती नावांची जंत्री वाटते.

सगळ्यात जास्त चुकामूक होते ती ‘इकाबोड’ची. ७ मार्च १८५० च्या भाषणात मॅसॅच्युसेट्सचा सिनेटर डॅनियल वेबस्टर यानं गुलामगिरीच्या प्रश्नावर उत्तर-दक्षिणेत होऊ घातलेल्या तडजोडीला आणि फरार गुलामांच्या कायद्याला पाठिंबा दिला, त्यावरची ही कविता. ती तिसऱ्या खंडात नाही, चौथ्यात व्यक्तिपर कवितांत आहे. कवितेत वेबस्टरचं नावही येत नाही. ते कळतं वरच्या टिपेतून. शिव्याशाप नाहीत, उलट ‘त्याला टोचू नका, तो मेला आहे’ असा सूर, आणि म्हणूनच ती जास्त लागते. तिच्या लगेच पुढे कालक्रम मोडून १८८० ची ‘द लॉस्ट ऑकेजन’ ठेवली आहे. वेबस्टरबद्दलचा राग तिथे निवळलेला दिसतो. दोन्ही एका बैठकीत वाचा. माझ्या मते तीस वर्षांनंतरची कविता समजूतदार आहे, पण फिकी आहे.

या संचाची खरी किंमत कवितांच्या डोक्यावरच्या टिपांत आहे, आणि त्याच लोक ओलांडून जातात. ‘द स्लेव्ह-शिप्स’वरची टीप बघा. १८१९ साली ‘रोदर’ या फ्रेंच गुलामवाहू जहाजावर डोळ्यांची साथ पसरली. आंधळे झालेले छत्तीस गुलाम समुद्रात फेकले गेले, कारण आंधळा गुलाम विकला जात नाही आणि बुडालेल्या मालावर विम्याचा दावा करता येतो. टिपेतला हा कोरडा हिशोब कवितेतल्या अलंकारांपेक्षा अंगावर येतो. ‘स्किपर आयरसन्स राइड’मध्ये ज्याला व्हिटियरनं खलनायक केलं, तो कप्तान निर्दोष होता असं मार्बलहेड या त्याच्या गावच्या इतिहासकारानं दाखवून दिलं, तेही टिपेत नोंदवलं आहे. कविता मात्र बदलली नाही.

कंटाळ्याची जागाही सांगायला हवी. छंद मोजकेच, चार ठोक्यांची ओळ पुन्हा पुन्हा येते. एका बसणीत वीस-पंचवीस पानांपलीकडे जाऊ नका, आणि मोठ्यानं वाचा. अपवाद दुसऱ्या खंडातल्या ‘स्नो-बाउंड’चा (१८६६). साडेसातशेहून जास्त ओळी आहेत, तरी ती एका दमात वाचून होते.

आपल्याला जवळच्या गोष्टीही आहेत. दुसऱ्या खंडात मनुस्मृती आणि महाभारतातल्या वचनांची रूपांतरं आहेत, ब्राह्मो समाजाच्या स्तोत्रांचीही. ‘द ब्रूइंग ऑफ सोमा’ वैदिक सोमरसापासून सुरू होते. धर्मातल्या सगळ्याच उन्मादाला ती कानपिचक्या देते आणि शेवटी शांततेची प्रार्थना करते. ती प्रार्थना तेवढी कापून चर्चच्या स्तोत्रसंग्रहांत गेली, सोम मागे राहिला. पहिल्या खंडातली ‘द पाइप्स ॲट लखनौ’ मात्र घशाखाली उतरत नाही. १८५७ च्या वेढ्यात व्हिटियर सरळ इंग्रजांच्या बाजूनं उभा आहे. युद्ध नाकारणाऱ्या पंथाचा, मुक्तीचा हा कवी सैन्याच्या आगमनानं हरखतो! महात्मा फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांच्या नावे लिहिली, त्या लोकांत व्हिटियर मोडतो. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत.

घेताना काय बघायचं? १८९४ ची केंब्रिज आवृत्ती एकाच खंडात मावते, पण दोन रकाने, बारीक टाइप, आणि गद्य अजिबात नाही. म्हणजे वरची तिसरा-सातवा जोडी गेलीच. जुना संच घेताना चौथ्या खंडात ‘ॲट सनडाउन’ हा शेवटचा संग्रह आहे का ते पाहा; सुरुवातीच्या छपाईत तो नसतो. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर सगळं फुकट आहे, पण प्रत्येक खंडाचे तुकडेही वेगळी पुस्तकं म्हणून टाकलेले आहेत. तेच ते दोनदा उतरवण्यापेक्षा पूर्ण संचाची एकच फाइल घ्या. फोनवर अक्षर लहान ठेवा किंवा फोन आडवा धरा, नाहीतर लांब ओळी मोडतात आणि कडव्याचा आकार कळेनासा होतो. पत्रं यातल्या कशातच नाहीत; त्यांसाठी हार्वर्डनं १९७५ साली काढलेले तीन खंड वेगळे शोधावे लागतात.