सही परदेशात, फ्लॅट नाशकात: वकिलात की अपोस्टिल?

गंगापूर रोडवरचा फ्लॅट विकायचाय, भाऊ टोरांटोत. त्याच्या वतीनं सही करण्याचा अधिकार देणारं कुलमुखत्यारपत्र आणायचं कसं?

एक वाट भारतीय वकिलातीची. अपॉइंटमेंट, पासपोर्ट, अधिकाऱ्यासमोर सही. दुसरी, तिथल्याच नोटरीपुढे सही करून वर अपोस्टिल, म्हणजे नोटरीची सही-शिक्का खरा असल्याचं तिथल्या सरकारचं प्रमाणपत्र. अपोस्टिल मानणाऱ्या देशांच्या करारात भारत २००५ पासून आहे, कॅनडा २०२४ पासून; त्याआधी तिथल्या मंडळींना वकिलातीशिवाय गत्यंतर नव्हतं. वकिलात शेकडो किलोमीटरवर असेल तर अपोस्टिलच सोयीचं. जवळ असेल तर माझा कौल वकिलातीला: अशोकस्तंभाचा शिक्का दिसला की आपल्याकडे टेबलावरचे प्रश्न निम्मे होतात.

मुद्रांक शुल्क मात्र दोन्हींत, कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत. कुरियरचं पाकीट रद्दीत टाकू नका, पोचल्याची तारीख सिद्ध करायला तेच कामी येतं.