पाचव्या दिवशी उगवलेलं लॉन

पाचव्या दिवशी कोंब दिसले तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना हाका मारून बाहेर बोलावलं. पंधरवड्यात अंगण हिरवंगार. बियांच्या पाकिटावर "आठवड्यात लॉन" असं छापलेलं होतं आणि ते जवळजवळ खरं निघालं. खरं तर शंका यायला हवी होती ती तिथेच.

थंडी छान गेली. ऊन तापू लागलं तशा गवताला लोंब्या आल्या. कापल्या, तरी बुडापासून पिवळं पडत चाललं. मी वेडी, पाणी वाढवलं, वर खतही टाकलं. महिन्याभरात नुसता पेंढा उरला.

विकणाऱ्याकडे गेले, तर तो शांतपणे म्हणाला, "उगवलं होतं ना ताई? मग बी चांगलंच होतं." यावर काय बोलणार!

घरी येऊन उरलेलं पाकीट पहिल्यांदाच उलटून वाचलं. शिवणीजवळ मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: अ‍ॅन्युअल राय ग्रास. म्हणजे एका हंगामाचं गवत. लोंबी आली, बी धरलं की संपलं. पुढच्या बाजूला ज्या ब्लूग्रास नावाच्या गवताचा फोटो होता, ते आत जेमतेम नावापुरतं. शिवाय वजनातला निम्मा भाग कोटिंगचा, म्हणजे बीवर चढवलेल्या थराचा, उगवणक्षमता 80 टक्के. म्हणजे किलोभर पाकिटात बी 500 ग्रॅम आणि त्यातलं उगवणारं 400. बाकी मी हिरवी भुकटीच विकत घेतली होती.

मूठभर बिया वाटीत भिजवून पाहिल्या. पाणी हिरवं झालं, तळाशी करड्या, लांबट बिया राहिल्या. टोकाला बारीकसं कुसळ. तीच खूण. अनेक वर्षं जगणाऱ्या पेरेनियल राय ग्रासच्या बीला कुसळ नसतं. अर्थात कडक उन्हाळ्यात तेही तग धरत नाही, तो भाग वेगळा.

हे गवत मिसळतात कशासाठी, तर लवकर दिसावं म्हणून. ब्लूग्रास उगवायला दोन ते चार आठवडे घेतं. तोवर राय ग्रास वाढून त्याचा ऊन-पाण्याचा वाटा खाऊन टाकतं. ब्लूग्रास, फेस्क्यू ही थंड हवेची गवतं. ऊन रणरणतं तिथे आपली हरळी, म्हणजे बाजारातलं बर्म्युडा; पण तिला सावली चालत नाही, झाडाखाली विरळ होते. आणि टिफवे 419 सारख्या संकरित हरळीचं "बी" कुणी देऊ केलं तर सरळ निघून या. तिला उगवणारं बी धरतच नाही, ती काड्या किंवा गवताचे तुकडे लावूनच वाढवतात.

या वेळी पेरण्याआधी हरळीच्या शंभर बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळल्या, पिशवीत घालून उबेला ठेवल्या आणि रोज उघडून पाहिल्या. तीन आठवड्यांत 78 उगवल्या. लेबलवर 80 लिहिलं होतं, चालायचंच. मगच बाकीचं बी पेरलं.

पेरून आज अकरावा दिवस. शेजारचे काका कुंपणावरून विचारून गेले, "काय, यंदाही फसलात का?" वाकून पाहिलं तर एका कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढं काहीतरी वर आलंय. हरळी आहे की तण, अजून कळत नाही.