लॅपटॉपसाठी स्लिम बॅग घ्यायचीय? निओप्रीन स्लीव्ह, कडक केस की पट्ट्याची बारीक बॅग

बहिणीला ऑफिसकडून मॅकबुक एअर मिळाला आणि रात्री साडेअकराला तिने तीन फोटो टाकून विचारलं, "दादा यातलं कुठलं घेऊ, जाडजूड सॅक नकोय हं." उत्तर टाइप करायला बसलो तर ते संपेचना, कारण या तिन्ही प्रकारांवर मी स्वतः पैसे घालवून बसलोय आणि त्यातल्या एकावर तर चांगलेच.

आधी मापाचं बघू, कारण निम्मी चूक तिथेच होते. दुकानात जाऊन "चौदा इंची द्या" म्हणायचं नाही. ते इंच म्हणजे स्क्रीनचं एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप असतं, बॉडीचा त्याच्याशी थेट संबंध नाही. ॲपलच्या एम२ चिपवाल्या एअरची स्क्रीन १३.६ इंच आणि त्याच्या आधीच्या एम१ ची १३.३, पण रुंदी दोघांची ३०.४१ सेंमी, म्हणजे रुंदीत एकाचं कव्हर दुसऱ्याला चालून जातं. उलट माझा जुना थिंकपॅड टी४८० चौदा इंचीच, पण स्क्रीनभोवती जाड काळी पट्टी असल्यामुळे तो जवळपास ३३.७ सेंमी रुंद आहे, मॅकबुक प्रोच्या चौदा इंचीसाठी शिवलेल्या स्लीव्हमध्ये, म्हणजे अंगाला चिकटणाऱ्या चेनच्या कव्हरमध्ये, त्याचा एक कोपरासुद्धा शिरला नाही. आणि सैल घेतलेलं पण वाईटच, आत लॅपटॉप डुगडुगतो आणि नेमका कोपऱ्यावर आपटतो.

आता निओप्रीन. समुद्रात डायव्हिंग करणाऱ्यांचे ते घट्ट काळे सूट असतात ना, तोच रबरासारखा फोम, आत हवेचे बंद बुडबुडे असतात म्हणून पाणी लगेच शोषलं जात नाही आणि थोडाफार धक्का पण खातो. माझा किचनच्या काट्यावर २१० ग्रॅम भरला, म्हणजे हातात घेतलंय असं वाटतही नाही. पण पाणी आत जात नाही हे कापडापुरतं खरं हं, शिलाईतून आणि चेनमधून जातंच, त्यामुळे वॉटरप्रूफ लिहिलंय म्हणून पावसात उघडा धरून चालायचं नाही. दुसरं म्हणजे चेन उघडून आतून बोट फिरवून बघा. चेनच्या दातांच्या आणि लॅपटॉपच्या मधे कापडाची पट्टी शिवलेली नसेल तर रोज आत-बाहेर करताना कडेला ओरखडे पडतात, माझ्या मशीनची उजवी कड मांजरीने नखं मारल्यासारखी झालीय. आणि दाबापासून हा काहीच वाचवत नाही. घरातल्या घरात, कारमध्ये, किंवा सॅकच्या आत ठेवायला मस्त, एकटा घेऊन फिरायला नाही.

कडक केस म्हणजे बहुतेक वेळा ईव्हीए, आपल्या चपलांचे, स्पोर्ट शूजचे सोल ज्याचे असतात तेच मटेरियल साच्यात दाबून केलेलं. वजन निओप्रीनच्या जवळपास दुप्पट, पण गर्दीत दाब येतो तेव्हा याची किंमत कळते. डोंबिवलीहून सकाळची फास्ट लोकल पकडून दादरला उतरणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. तिघांच्या बाकावर चौथ्या सीटवर अर्धं टेकून मांडीवर बॅग, त्यावर समोर उभ्या असलेल्याचा गुडघा, त्याच्यावर दिवा स्टेशनात चढलेल्यांचा भार, अशा वेळी कडक पाठ हवीच. वैताग एवढाच की हा फुगत नाही. त्यात लॅपटॉप म्हणजे लॅपटॉपच, वहीसुद्धा जात नाही, आणि चार्जर हातात.

आता चार्जरबद्दल, कारण खरा घोळ इथेच आहे. तिसरा प्रकार, पट्ट्याची बारीक ब्रीफकेस टाइप बॅग, पुढे एक कप्पा, दिसायला एकदम साहेब. मी घेतली, पुढच्या कप्प्यात ६५ वॅटचा तो विटेसारखा अडॅप्टर टाकला आणि तीन महिने खूश होतो. मग एका सोमवारी ठाण्याला जो लोंढा आत आला त्यात बॅग माझ्या पोटात आणि अडॅप्टर लॅपटॉपच्या झाकणात रुतला. ऑफिसात उघडलं तर स्क्रीनच्या मधोमध बोटाच्या टोकाएवढा पांढरा डाग. रिपेअरवाल्याने आकडा सांगितल्यावर मी डाग राहू दिला, अजून आहे, एक्सेलमध्ये कायम त्याच सेलवर येतो.

म्हणून माझं मत सरळ आहे, बॅग कुठली हे लॅपटॉपवर नाही, चार्जर कुठे राहणार यावर ठरवा. ऑफिसात एक जास्तीचा चार्जर ठेवता येत असेल तर स्लिम घ्या. रोज चार्जर नेणं भागच असेल तर कप्पा बाजूला किंवा खाली असलेली बॅग शोधा, नाहीतर मुकाट्याने सॅक घ्या आणि स्लिम-बिम विसरा.

(फेल्टचं, म्हणजे तंतू दाबून केलेल्या जाड कापडाचं पण विचारलं होतंस. दिसतं सुंदर, पण पाणी पितं. आईने माझ्या पहिल्या लॅपटॉपला जुन्या गोधडीचं कव्हर शिवलं होतं, ते याच्यापेक्षा जाड होतं आणि फुकट.)

तर बाई, तू पुण्यात स्कूटरवर जातेस. समोरच्या हुकाला पट्टा अडकवून जाणं बंद, प्रत्येक स्पीडब्रेकरला बॅग पुढे आपटते. डिकीत पण नको, खाली इंजिन तापतं आणि तसाही तो सपाट मावणार नाही. तुझा लॅपटॉप १.२४ किलोचा आहे, चार्जर ऑफिसात ठेवलास तर पट्ट्याची बारीक बॅग घे, आडवी घालून, पट्टा आखूड करून पाठीवर चिकटून बसली पाहिजे अशी. पट्ट्याचे हुक धातूचे बघ, प्लॅस्टिकचे उन्हात तडकू शकतात. जून ते सप्टेंबर आत एक जाड प्लॅस्टिकची पिशवी, दिसायला गावठी पण उपयोगाची. आणि निघताना लॅपटॉप नुसता झाकण मिटून बॅगेत कोंबू नको, कधीकधी तो आत जागाच राहतो आणि पोचेपर्यंत भाकरीसारखा तापलेला असतो, सरळ शटडाउन कर.

ऑनलाइन मागवायच्या आधी पुठ्ठा घे, ३०.४ बाय २१.५ सेंमी काप, आणि दुकानात जाऊन त्या फोटोतल्या राखाडी बॅगेत घालून बघ. चारही बाजूंनी बोटभर जागा उरली तर घे, त्याहून जास्त उरली तर ठेव परत.