प्लेफेअर डिस्प्ले : बरेच महिने वापरल्यावर

लग्नपत्रिका आणि मुखपृष्ठं ही माझी रोजची कामं. त्यात इंग्रजी नावं, शीर्षकं आली की हल्ली बहुतेक वेळा प्लेफेअर डिस्प्लेच लावतो. क्लाउस एगर्स सोरेन्सन या डॅनिश डिझायनरचा हा फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. परवाना ओपन फॉन्ट लायसन्सचा, त्यामुळे गिऱ्हाइकाच्या कामात बिनधास्त वापरता येतो.

उभ्या रेघा भरदार, आडव्या आणि सेरिफ, म्हणजे अक्षरांच्या टोकांना असलेल्या छोट्या रेघा, केसाइतक्या बारीक. 18व्या शतकात बास्करव्हिल या इंग्रज मुद्रकाने गुळगुळीत कागदावर जी नाजूक छपाई केली, त्या घराण्यातलं हे अक्षर. स्मॉल अक्षरं उंच, कॅपिटल त्यामानाने बुटकी, खाली लोंबणाऱ्या शेपट्या आखूड. म्हणून दोन ओळींचं शीर्षक अगदी चिकटवून बसवलं तरी ओळी एकमेकींत अडकत नाहीत. मराठीशेजारी ठेवल्यावरही इंग्रजी अक्षरं खुजी दिसत नाहीत, हे मला सगळ्यात आवडलं. ब्लॅक, म्हणजे सगळ्यात जाड, वजनात मुखपृष्ठावर तर काय रुबाब येतो!

आता डोकेदुखी. आकडे. टाइप केल्यावर आपोआप येतात ते जुन्या वळणाचे, वरखाली होणारे. 2025 लिहा : दोन आणि शून्य बुटके, पाच ओळीखाली घसरलेला. पुस्तकाच्या शीर्षकात ते शोभतं, पण पत्रिकेवरचा मोबाइल नंबर चक्क नाचायला लागतो आणि यजमान विचारतात, ‘हे छपाईत हललंय का?’ इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये ओपनटाइपच्या (फॉन्टमधल्या जादा सोयींच्या) यादीतून लायनिंग आकडे निवडले की सगळे सरळ रांगेत उभे राहतात. फॉन्टमध्ये ते आहेतच, फक्त मागावे लागतात.

छपाईत मात्र जपा. गडद मरून पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं रिव्हर्समध्ये काढली, तर लहान आकारात बाजूची शाई बारीक रेघांवर चढते आणि इंग्रजी ‘e’ची आडवी रेघ गायब होते. तिथे रेग्युलर नको, निदान बोल्ड घ्या. पत्ता, वेळ, ‘आपले नम्र’ हा बारीक मजकूर यात लावूच नका.

देवनागरी यात नाही. जोडीला तितकाच जाड-बारीक हवा म्हणून इंडियन टाइप फाउंड्री या फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीचा देवनागरी रोझा वन लावून पाहिला. दिसतो झकास, पण दोघंही एकाच वेळी ओरडतात. शिवाय बोरूच्या नागरीत जाड-बारीकपणाची दिशाच वेगळी. त्यामुळे मराठी मजकुराला ‘एक टाइप’ या फाउंड्रीचा साधा मुक्ता बरा पडतो.

एक तक्रार फॉन्टची नाही, आपलीच आहे : हा आता घरगुती केकपासून योगवर्गापर्यंत प्रत्येक लोगोत दिसतो. गिऱ्हाइकाला वेगळं काही हवं असेल तर नुसत्या ‘प्लेफेअर’ नावाची नवी आवृत्ती दाखवा. तिच्यात आकारानुसार बारीक रेघांची जाडी बदलते, त्यामुळे लहान मजकुरालाही ती चालते. मोठ्या आकारात तर रेघा जुन्यापेक्षाही नाजूक होतात, तेव्हा स्क्रीन प्रिंटिंगवाल्याला आधी प्रूफ काढायला सांगा.