कामासाठी टॅबलेट: आयपॅड, गॅलेक्सी टॅब की सरफेस?

मी जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट करतो. ऑफिस ठाण्यात नौपाड्याला, निम्मी कामं नवी मुंबईत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार तीस वर्षं ओलांडलेल्या इमारतीची तपासणी करून घ्यावी लागते, आणि वाशी, नेरूळ, कोपरखैरणेतल्या सिडकोच्या कितीतरी इमारतींनी तिशी केव्हाच पार केली आहे. त्यामुळे महिन्यातले पंधरा दिवस गच्ची, जिना, डक्ट आणि पाण्याची टाकी, उरलेले पंधरा दिवस अहवाल. पूर्वी साइटवर कागदी नकाशा न्यायचो आणि फोटो मोबाइलवर काढायचो. घरी आल्यावर दीडशे फोटोंपैकी कुठला फोटो कुठल्या कॉलमचा हे जुळवता जुळवता रात्रीचे अकरा वाजायचे. आता नकाशा टॅबवर उघडतो, तडा दिसला की तिथेच लाल रेघ मारतो आणि फोटो त्या खुणेशेजारीच चिकटवतो.

गेल्या वर्षभरात घरातल्या आणखी दोघांना टॅब हवा होता. वहिनी कर सल्लागार आहेत, भाचा ऐरोलीत आयटी कंपनीत आहे. तिघांनी मिळून तीच तीन यंत्रं पारखली आणि तिघांची उत्तरं वेगळी आली. ज्यांना असाच निर्णय घ्यायचाय त्यांच्यासाठी ती पारख इथे मांडतोय. त्याआधी एक काम करा. तुमच्या आठवड्यातलं कुठलं काम टॅबवर अडेल ते कागदावर लिहा. आमची निवड शेवटी त्या एका ओळीवर झाली.

तीन यंत्रं अशी: मार्च २०२५ मध्ये आलेला ११ इंची आयपॅड (ए१६ चिपवाला), एप्रिल २०२५ मध्ये आलेला १०.९ इंची सॅमसंग गॅलेक्सी टॅब एस१० एफई, आणि २०२४ चा १३ इंची मायक्रोसॉफ्ट सरफेस प्रो.

किंमत पाटीवरची आणि हातात पडणारी

आयपॅड भारतात आला तेव्हा ३४,९०० रुपयांना होता, गॅलेक्सी ४२,९९९ ला. आठ हजारांचा फरक बघून बरेच जण तिथेच आयपॅडकडे वळतात. पण आयपॅडचं पेन वेगळं घ्यावं लागतं. यूएसबी-सी वाली ॲपल पेन्सिल ७,९०० रुपयांची, म्हणजे बेरीज ४२,८००. गॅलेक्सीच्या खोक्यात एस पेन आधीपासून असतो. पेन लागणार असेल तर दोन्ही एकाच भावात पडतात.

कीबोर्डने हे गणित आणखी बदलतं. या आयपॅडचा ॲपलचा स्वतःचा कीबोर्ड फोलिओ २४,९०० रुपयांचा आहे. तो घेतला की एकूण ६७,७०० होतात, आणि त्या पैशात चांगला लॅपटॉप येतो. मी साधा ब्लूटूथ कीबोर्ड वापरतो आणि माझं काहीही अडलेलं नाही. सरफेस १,१६,९९९ रुपयांपासून सुरू झाला होता, कीबोर्ड त्यातही वेगळा.

तुमची जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर स्वतःचा जीएसटी नंबर टाकून घ्यायला विसरू नका. टॅबवर १८ टक्के जीएसटी आहे. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचं क्रेडिट मिळतं, पण बिल साध्या नावावर निघालं की नंतर दुकानदाराच्या मागे फिरावं लागतं.

पेन आणि पाऊस

माझ्यासाठी निर्णय इथेच झाला. गेल्या जुलैत गॅलेक्सी घेऊन नेरूळला एका इमारतीच्या गच्चीवर होतो. सोसायटीचे सचिव छत्री धरून शेजारी उभे, पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) मुळाशी लांबलचक तडा, आणि स्क्रीनवर पावसाचे थेंब. थेंब पडला की टॅबला तो बोटाचा स्पर्श वाटतो. पान सरकतं, नकाशा मोठा होतो, नको तिथे काहीतरी उघडतं. मी सॅमसंग नोट्समध्ये बोटाने रेघ ओढण्याची सोय बंद करून ठेवली होती. एस पेनची रेघ मात्र बरोबर उमटत होती, कारण तो पेन स्क्रीनखालच्या थरातल्या चुंबकीय क्षेत्रावर चालतो आणि लिहायला त्याला बॅटरी लागत नाही. पान अधूनमधून सरकलं, रुमालाने दोनदा पुसावं लागलं, पण सगळ्या खुणा जागच्या जागी आल्या.

हा टॅब आणि त्याचा पेन दोन्ही आयपी६८ दर्जाचे आहेत. टॅबच्या बाबतीत याचा अर्थ दीड मीटर गोड्या पाण्यात तीस मिनिटं, आणि धूळ आत जात नाही. ही प्रयोगशाळेतली चाचणी आहे, तिच्या भरवशावर टॅब बादलीत बुडवू नका. पण सिमेंटची धूळ आणि तिरपा पाऊस यांच्यासाठी मला तेवढा आधार पुरतो. आयपॅडला असा कुठलाही दर्जा नाही. मी तो गच्चीवर नेला तर लक्ष तड्यापेक्षा आभाळाकडे जास्त राहील.

कोरड्या खोलीत चित्र जरा बदलतं. आयपॅडवर पेन्सिल सुरेख फिरते आणि ॲप अधिक सफाईदार वाटतात. मात्र दोन गोष्टी दुकानात कुणी सांगत नाही. यूएसबी-सी वाल्या पेन्सिलीला दाब कळत नाही, त्यामुळे जोर दिला तरी रेघ जाड होत नाही. शिवाय या आयपॅडची काच आणि खालचा डिस्प्ले एकमेकांना चिकटवलेले नाहीत, म्हणून टोक आणि रेघ यांत बारीक फट जाणवते. नुसत्या नोंदींसाठी याने काही बिघडत नाही, बारीक ड्रॉइंग करणाऱ्याला मात्र खटकतं. आयपॅड एअरमध्ये ही फट नाही आणि त्याला दाब ओळखणारी पेन्सिल प्रो चालते, पण एम३ चिपवाला ११ इंची एअर ५९,९०० ला आला होता आणि पेन्सिल प्रो ११,९०० ची आहे.

साइटवर फिरणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. वायफायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं, ते फक्त सिमवाल्यात मिळतं, आणि सिमवाला ए१६ आयपॅड ४९,९०० चा आहे. गॅलेक्सीच्या वायफाय मॉडेलमध्येही जीपीएस आहे. फोटोवर जागेची नोंद लागत असेल तर हा पंधरा हजारांचा प्रश्न होतो. गॅलेक्सीत मेमरी कार्डही घालता येतं. एका इमारतीचे फोटो एका कार्डात, असं मी ठेवतो.

विंडोजशिवाय अडणारी कामं

वहिनींचा कागद मी पाहिला तेव्हा त्यावर तीन शब्द होते: टॅली, डीएससी, श्रीलिपी. हिशेबाचं टॅलीप्राइम विंडोजवर चालतं. डीएससी म्हणजे डिजिटल सही, तिचा यूएसबी टोकन त्याच्या ड्रायव्हरसकट (तो चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमसकट) विंडोजवर बसवलेला असतो. नोटिसांची जुनी मराठी पत्रं श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये, आणि ती फाइल दुसरीकडे उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. एक्सेलमध्ये मॅक्रो (ठरावीक काम आपोआप करणाऱ्या आज्ञा) बसवलेल्या शीटही होत्या, आणि आयपॅड किंवा अँड्रॉइडवरच्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालत नाहीत. माझंही तसंच आहे: इमारतीच्या मजबुतीचं गणित करणाऱ्या स्टॅड आणि ईटॅब्स या प्रोग्रॅमसाठी ऑफिसातला संगणक लागतो. ऑटोकॅडचं मोबाइल ॲप नकाशा बघायला आणि थोडीफार दुरुस्ती करायला ठीक आहे.

मग वहिनींनी सरफेस घ्यावा, असं सगळ्यांना वाटलं. मीच थांबवलं. सरफेस प्रोच्या या आवृत्तीत स्नॅपड्रॅगन चिप आहे. इंटेलसाठी बनवलेले बहुतेक प्रोग्रॅम विंडोज त्यावर चालवून घेतं, पण ड्रायव्हरच्या बाबतीत तसं होत नाही. ड्रायव्हर त्या चिपसाठीच बनवलेला असावा लागतो. टोकनचा ड्रायव्हर तसा नसेल तर विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री सही अडकेल. सरफेसच घ्यायचा असेल तर टोकन ज्याच्याकडून घेतला त्याला आधी विचारा, किंवा इंटेलवालं मॉडेल शोधा.

त्यांनी शेवटी ऑफिसातला विंडोज संगणक तसाच ठेवला आणि वाचायला, खुणा करायला गॅलेक्सी टॅब एस१० लाइट घेतला. तो ३०,९९९ ला आला होता आणि पेन त्यातही सोबतच मिळतो. बाहेर असताना त्या टॅबवरून ऑफिसचा संगणक उघडतात. इथे एक खाच आहे: विंडोजच्या स्वतःच्या रिमोट डेस्कटॉपमधून गेलं तर त्या संगणकाला लावलेला टोकन दिसत नाही, क्रोम रिमोट डेस्कटॉपमधून दिसतो. पण टोकन संगणकाला लावून ऑफिसातून निघून जाणं मला पटत नाही. ती अशिलाची सही आहे. वहिनींनाही ते पटलं. सही त्या ऑफिसात बसूनच करतात, बाहेरून फक्त खाती बघतात.

ऑफिस ॲपबद्दलही एक नियम माहीत असू द्या. १०.१ इंचांपेक्षा मोठ्या स्क्रीनवर वर्ड आणि एक्सेलमध्ये बदल करायला मायक्रोसॉफ्ट ३६५ चं सशुल्क सदस्यत्व लागतं. आयपॅड आणि गॅलेक्सी दोन्ही त्या मापापेक्षा मोठे आहेत, तेव्हा तो वार्षिक खर्च आधीच धरा. गूगलचे डॉक्स आणि शीट्स फुकट आहेत. माझे अहवाल त्यातच होतात.

मॉनिटर आणि लोकल

भाच्याची गरज सगळ्यात सोपी वाटली होती: मीटिंगच्या नोंदी, वाचन, आणि डेस्कवर मॉनिटर जोडणं. अडलं ते मॉनिटरवर. ए१६ आयपॅड मॉनिटरला जोडला की टॅबवर जे दिसतं तेच मोठं दिसतं, दुसरी वेगळी स्क्रीन मिळत नाही. ती हवी तर एअर घ्यावा लागतो. गॅलेक्सी एफईमध्ये वायरने मॉनिटर जोडायची सोयच नाही, ती टॅब एस मालिकेतल्या महागड्या मॉडेलांत आहे. आयपॅडओएस २६ (आयपॅडची कार्यप्रणाली) आल्यापासून ए१६ आयपॅडवरही खिडक्या लहानमोठ्या करून शेजारीशेजारी ठेवता येतात, आणि त्यावर त्याचं बरंच काम भागतं. पण त्याला मॉनिटर हवाच होता. एअर घेतला. घेण्याआधी कंपनीच्या आयटी विभागाला विचारलं की स्वतःच्या टॅबवर ऑफिसचा मेल चालतो का. हे विचाराच, काही कंपन्या परवानगी देत नाहीत.

वजनाचं म्हणाल तर आयपॅड ४७७ ग्रॅम, गॅलेक्सी ४९७, सरफेस कीबोर्डशिवाय ८९५. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने घणसोलीपर्यंत उभं राहून जाताना एका हातात कडी आणि दुसऱ्या हातात टॅब असतो, तेव्हा अर्धा किलो चालून जातो. सरफेस मी तसा पाच मिनिटं धरून पाहिला, मनगट भरून आलं. बसायला जागा मिळाली तरी त्याचा मागचा स्टँड मांडीवर नीट टेकत नाही.

अपडेटचं थोडक्यात. माझा पहिला टॅब स्वस्तातला होता. दीड वर्षात सुरक्षेचे अपडेट थांबले आणि बँकेचं ॲप उघडेना. गॅलेक्सी एफईला सात वर्षांचे अपडेट कंपनीने जाहीर केले आहेत, आणि आयपॅडनाही वर्षानुवर्षं नवी आयपॅडओएस मिळत आलेली आहे. तीस-चाळीस हजार घालताना हे बघितलंच पाहिजे.

दुकानात जाताना आपलं खरं काम सोबत न्या. मी वाशीच्या दुकानात ए-वन आकाराच्या नकाशाची ऐंशी एमबीची पीडीएफ पेनड्राइव्हवर घेऊन गेलो होतो. दाखवायच्या टॅबवर ती उघडली, एका कोपऱ्यातल्या कॉलमपर्यंत मोठी केली, पेनने सी-१४ असं लिहिलं आणि परत पूर्ण नकाशावर आलो. एका टॅबने या खेपेला चार सेकंद घेतले, दुसऱ्याने लगेच दाखवलं. विक्रेत्याने मला प्रोसेसरचं नाव सांगायला सुरुवात केली होती, तोवर माझं ठरलं होतं.