सार्वमत मागायचं, नागरिक सभा मागायची, की आधी माध्यमांचा हिशेब?

डाव्या चळवळीच्या बैठकांत हा वाद हमखास निघतो. कायदेमंडळात आपलं कोणी ऐकत नाही, तर मग थेट लोकांकडे जाऊ, सार्वमत मागू, असं एकाचं म्हणणं. लोकांपर्यंत पोचणार कोणाच्या वाहिन्यांवरून, असा दुसऱ्याचा सवाल. दोघंही बरोबर असतात, म्हणून वाद मिटत नाही. तुमच्या संघटनेला पुढच्या दोन-तीन वर्षांसाठी एकच मागणी धरून बसायचं असेल, तर कोणती धरावी, यासाठी हा आढावा. मी तटस्थ नाही. मोजायची माझी फूटपट्टी एकच आहे: निर्णयात कष्टकऱ्यांचं वजन वाढतं की पैसेवाल्यांचं?

आधी एक घरचा अनुभव. मी ज्या कामगार संघटनेत होतो तिथे एकदा करारावर मतदान झालं. चिठ्ठीवर प्रश्न होता, "थकबाकीसह करार मंजूर आहे का?" थकबाकी कोणाला नको असते? त्याच करारात नव्या भरतीत कंत्राटी कामगार घेण्याचं कलम होतं, त्याचा चिठ्ठीवर उल्लेखही नव्हता. होकाराच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे मीच रबर लावून बांधले. तेव्हापासून सार्वमत म्हटलं की मी बाजू नंतर विचारतो, प्रश्न आधी वाचतो.

वरून आलेलं सार्वमत

सरकार ठरवतं, सरकार तारीख काढतं, सरकार प्रश्न लिहितं. हा प्रकार सर्वांत नाट्यमय आणि माझ्या मते सर्वांत कमी भरवशाचा.

कर्जात बुडालेल्या ग्रीसचं उदाहरण डाव्यांना जवळचं आणि म्हणूनच बोचणारं. २७ जून २०१५ च्या मध्यरात्रीनंतर घोषणा झाली आणि ५ जुलैला मतदान. मध्ये जेमतेम आठ दिवस. मतपत्रिकेवर विचारलं होतं की युरोपीय आयोग, युरोपीय मध्यवर्ती बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी या कर्ज देणाऱ्यांनी २५ जूनच्या बैठकीत मांडलेला, कर्जाच्या अटींचा दोन दस्तऐवजांचा आराखडा स्वीकारावा का. दस्तऐवजांची नावं छापलेली होती आणि त्यातलं एक कर्जाच्या शाश्वततेच्या प्राथमिक विश्लेषणाचं होतं. 'नाही'चा चौकोन वर, 'होय'चा खाली. शिवाय कर्ज-कार्यक्रमाची मुदत ३० जूनलाच संपली होती, म्हणजे लोक ज्या आराखड्यावर मत देत होते तो त्या रूपात उरलाच नव्हता. बँका बंद, एटीएममधून दिवसाला ६० युरो. बड्या खासगी वाहिन्यांच्या मालकांत जहाज आणि बांधकाम व्यवसायातली घराणी, आणि त्यांच्या पडद्यावर 'होय' न म्हटल्यास काय अनर्थ होईल याची रांगच रांग. सार्वजनिक वाहिनी सरकारने २०१३ मध्ये एका रात्रीत बंद केली होती, ती नव्या डाव्या सरकारने सुरू करून महिनाही झाला नव्हता.

एवढं असूनही ६१ टक्क्यांवर लोकांनी 'नाही' म्हटलं. वाहिन्यांचा प्रभाव सर्वशक्तिमान असतो असं मानणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. आणि सार्वमत म्हणजे शेवटचा शब्द असं मानणाऱ्यांनी पुढचा आठवडा: १३ जुलैला त्याच सरकारने तितक्याच कठोर अटी मान्य केल्या. कौल मिळाला, पण तो राबवण्याची ताकद कर्ज देणाऱ्यांच्या हातात होती.

युरोपीय संघातून बाहेर पडायचं का, यावरचं ब्रिटनचं २०१६ चं सार्वमत उलट्या टोकाचं. प्रश्न सोपा, वेळ भरपूर, पण बाहेर पडणाऱ्यांच्या बसवर दर आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपला जातात असा आकडा रंगवलेला. ब्रिटनला परत मिळणारी सूट त्यात वजा केलेली नव्हती. देशाच्या सांख्यिकी प्राधिकरणाने मोहीम चालू असतानाच तो दिशाभूल करणारा असल्याचं सांगितलं. बस मात्र फिरत राहिली, कारण ती थांबवण्याचा अधिकार कोणाकडेच नव्हता. बाहेर पडण्याची बाजू जिंकली, ५१.९ विरुद्ध ४८.१. त्या आकड्यानेच निकाल फिरला असा दावा मी करणार नाही. बंद पडलेले कारखाने, आटलेल्या सार्वजनिक सेवा, तुंबलेला राग हे सगळं खरं होतं. पण त्या रागाला नाव कोणी दिलं, हे बघायला हवं.

खालून आलेलं सार्वमत

इथे लोक सह्या गोळा करतात आणि प्रश्न मतदानाला आणतात. स्वित्झर्लंडमध्ये राज्यघटना बदलण्याच्या प्रस्तावाला १८ महिन्यांत १ लाख सह्या लागतात. संसदेने केलेला कायदा मतदानाला खेचायला १०० दिवसांत ५०,०००.

डाव्या वाचकाला या व्यवस्थेचं कौतुक आणि वैताग दोन्ही यायला हवेत. बायकांना राष्ट्रीय पातळीवर मताचा हक्क पुरुष मतदारांनी १९५९ मध्ये नाकारला, १९७१ मध्ये दिला. २००९ मध्ये मशिदींच्या मिनारांवर बंदी घालणारा प्रस्ताव ५७.५ टक्क्यांनी मंजूर झाला. २०१२ मध्ये कामगार संघटनांनी वर्षाला किमान सहा आठवडे सुट्टीचा प्रस्ताव आणला आणि दोन तृतीयांश मतदारांनी तो फेटाळला. नोकऱ्या जातील, हा मालक संघटनांचा प्रचार लागू पडला. सुट्टी नको म्हणणारे कामगार मूर्ख होते असं म्हणून मोकळं होणारा डावा मला आवडत नाही. आपण त्यांना पटवू शकलो नाही, एवढंच त्याचं भाषांतर. बारा वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, संघटनांनी वृद्धांसाठी वर्षाला तेराव्या महिन्याचं निवृत्तिवेतन मागितलं आणि ५८ टक्के मतांनी मिळवलं. मधल्या काळात तीच माणसं, तीच पद्धत. चिकाटीला इथे किंमत आहे, आणि हा या मार्गाचा सर्वांत मोठा गुण.

दुसरा गुण कमी लोकांना माहीत आहे. विवाहित जोडप्यांच्या करासंबंधीच्या २०१६ च्या एका मतदानाआधी सरकारने सांगितलं होतं की दोघंही कमावणाऱ्या सुमारे ८०,००० जोडप्यांना लग्न केल्यामुळे जास्त कर पडतो. प्रस्ताव ५०.८ टक्के 'नाही'ने पडला. नंतर कळलं की खरा आकडा ४,५४,००० च्या घरात होता. २०१९ मध्ये संघीय न्यायालयाने ते मतदानच रद्द ठरवलं. ब्रिटनच्या बसशेजारी हे ठेवून बघा. चुकीची माहिती एकीकडे राजकारणाचा भाग म्हणून गिळली गेली, दुसरीकडे तीच निकाल मोडायला पुरेसं कारण ठरली. (अर्थात स्विस निकालात चूक सरकारची होती. खासगी प्रचारकाची असती तर न्यायालयाने एवढं पुढे पाऊल टाकलं असतं का, याबद्दल मला शंका आहे.)

आता कॅलिफोर्निया. पद्धत तीच, सह्यांची. नोव्हेंबर २०२० मध्ये उबर, लिफ्ट, डोअरडॅश आणि तशाच ॲप-कंपन्यांनी २० कोटी डॉलरहून अधिक खर्चून प्रस्ताव २२ मंजूर करून घेतला. विधिमंडळाने ॲपवरच्या चालकांना कर्मचारी मानणारा कायदा केला होता, त्यातून या कंपन्या सुटल्या. प्रचार कुठे झाला? टीव्हीवर झालाच, पण गाडी बोलावायला फोन उघडला की ॲपवरही. पुढे विधिमंडळाला त्यात बदल करायचा तर सात अष्टमांश बहुमत हवं, अशी अट प्रस्तावातच घालून ठेवली. सह्या गोळा करणं हा तिथे पगारी धंदा आहे. लोकांचं हत्यार म्हणून घडवलेलं अवजार जो भाडं देईल त्याच्या हातात जातं, ते असं.

इटलीत आणखी एक गोम आहे. कायदा रद्द करण्यासाठीच्या सार्वमतात निम्म्याहून अधिक मतदार आले तरच निकाल धरतात. २०११ मध्ये पाण्याच्या खासगीकरणाविरुद्ध सुमारे ५५ टक्के आले आणि ९५ टक्क्यांवर कौल मिळाला. जून २०२५ मध्ये कामगार हक्कांचे प्रस्ताव आले, तेव्हा पंतप्रधानांनी जाहीर केलं की मतदान केंद्रावर जाईन पण मतपत्रिका घेणार नाही. मतदान ३० टक्क्यांच्या आसपास थांबलं. विरोधकाला वाद घालावाच लागला नाही, घरी बसा म्हटलं की झालं. किमान मतदानाची अट कोणी सुचवली तर दहादा विचार करा.

आणि बर्लिन. सप्टेंबर २०२१ मध्ये दहा लाखांहून अधिक मतदारांनी ३,००० पेक्षा जास्त घरं असलेल्या कंपन्यांची घरं समाजाच्या मालकीची करा असं सांगितलं. मतदानाचा निकाल सरकारवर बंधनकारक नव्हता. सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली, २०२३ मध्ये समितीने हे कायद्यात बसतं असं सांगितलं, आणि कंपन्यांची घरं तरीही कंपन्यांकडेच राहिली.

नागरिक सभा

चिठ्ठ्या टाकून, समाजाची हुबेहूब छोटी प्रतिकृती वाटावी अशी माणसं निवडायची, त्यांना महिनोन् महिने ऐकू-विचारू द्यायचं आणि मग शिफारस मागायची. आयर्लंडमध्ये ९९ नागरिक आणि एक अध्यक्ष अशा सभेने गर्भपाताच्या प्रश्नावर २०१६-१७ मध्ये पाच शनिवार-रविवार घालवले. डॉक्टर, वकील आणि स्वतः या प्रसंगातून गेलेल्या बायका ऐकल्या. मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्क्यांनी घटनेतली बंदी उठली. ज्या विषयाला राजकारणी तीस वर्षं हात लावायला भीत होते, तो या वाटेने सुटला.

पण सभा स्वतः काहीच ठरवत नाही. २०२४ मध्ये त्याच देशात अशाच सभेची घरातल्या काळजी-कामाविषयीची सूचना सरकारने पातळ शब्दांत मतदानाला ठेवली आणि ७३.९ टक्के 'नाही' पडलं. फ्रान्समध्ये हवामानावरच्या सभेतल्या १५० नागरिकांनी १४९ प्रस्ताव दिले. राष्ट्राध्यक्षांनी ते गाळणी न लावता पुढे नेण्याचं वचन दिलं होतं, प्रत्यक्षात गाळणीच गाळणी. निवडीतही घोळ होतात: आयर्लंडच्या सभेतले काही जण निवड करणाऱ्या संस्थेच्या माणसाने ओळखीपाळखीतून भरल्याचं २०१८ मध्ये उघड झालं.

माझा आक्षेप वेगळा आहे. नागरिक सभा शांत असते, आणि चळवळीला कधीकधी आवाज हवा असतो. आयर्लंडमध्ये सभेआधी कित्येक वर्षं बायका रस्त्यावर होत्या हे विसरून सभेलाच श्रेय देणारे अहवाल वाचले की चीड येते.

माध्यमांचा हिशेब

इथे तीन वाटा दिसतात आणि दोन मला पसंत नाहीत.

पहिली स्वनियमनाची. ब्रिटनमध्ये मार्च २०१६ मध्ये 'द सन'ने पहिल्या पानावर राणीचा ब्रेक्झिटला पाठिंबा असल्याचा मथळा दिला. वृत्तपत्रांच्याच पैशावर चालणाऱ्या नियमन संस्थेने तो दिशाभूल करणारा ठरवला. निर्णय छापून आला मे महिन्यात, दुसऱ्या पानावर. वरातीमागून घोडं, तेही आतल्या गल्लीतून.

दुसरी वाट परवान्याची, आणि डाव्यांना मोह याच वाटेचा होतो. एप्रिल २००२ मध्ये व्हेनेझुएलाचे राष्ट्राध्यक्ष चावेस यांच्याविरुद्धच्या उठावात, चावेसच्या समर्थकांनी रस्ते भरले तेव्हा खासगी वाहिन्या चित्रपट आणि कार्टून दाखवत होत्या. हा गुन्हाच होता. २००७ मध्ये आरसीटीव्ही या खासगी वाहिनीच्या प्रक्षेपण परवान्याचं नूतनीकरण नाकारलं गेलं. शिक्षा देणाराच सत्तेतला एक पक्ष असेल तर तो निवाडा राहत नाही, आणि पुढे त्या देशात स्वतंत्र पत्रकारिता कशी आक्रसत गेली हे आपण पाहिलं. उजव्यांनी तेच अवजार हंगेरीत वापरलं: २०१८ मध्ये सरकारच्या मर्जीतल्या मालकांनी चारशेहून अधिक माध्यमं एका प्रतिष्ठानला देऊन टाकली आणि सरकारने त्या व्यवहाराला स्पर्धा कायद्याच्या तपासणीतून सूट दिली. कुंपणानेच शेत खाल्लं.

तिसरी वाट कंटाळवाणी आहे, म्हणून तिच्यासाठी मोर्चे निघत नाहीत. डेन्मार्कमध्ये कायद्याने उभी केलेली वृत्तपत्र परिषद संपादकाला तिचा निर्णय छापायला भाग पाडू शकते. स्वित्झर्लंडमध्ये रेडिओ-टीव्हीवर राजकीय जाहिरात चालत नाही, आणि २०२२ पासून ५०,००० फ्रँकवरच्या मोहिमेला आपलं उत्पन्न आणि १५,००० वरच्या देणगीदारांची नावं उघड करावी लागतात. आयर्लंडमध्ये १९९५ च्या न्यायनिर्णयानंतर सरकार सार्वमतात एका बाजूसाठी जनतेचा पैसा वापरू शकत नाही. फटी आहेतच: २०१८ मध्ये तिथे ऑनलाइन जाहिरातींना नियमच नव्हता, मतदानाच्या दोन-अडीच आठवडे आधी फेसबुकने परदेशी जाहिराती आणि गूगलने सगळ्याच बंद केल्या. दोघांनी आपापल्या मनाने.

मग कोणती मागणी धरावी?

प्रश्न तुमच्या संघटनेने लिहिलेला असेल, सह्या स्वयंसेवक गोळा करणार असतील आणि निकाल बंधनकारक असेल, तर खालून येणारं सार्वमत मागा, हरण्याची तयारी ठेवून. विषय धर्म, शरीर, कुटुंब असा नाजूक असेल तर नागरिक सभा आधी, आणि तिचा मसुदा जसाच्या तसा मतदानाला जाईल हे लेखी घेऊन. वरून आलेल्या सार्वमताची मागणी कधीच करू नका. ते अंगावर आलं तर लढा.

पण यातली एकच मागणी धरायची असेल, तर मी देणगीदारांची नावं, जाहिरातींवरची बंदी आणि मथळ्याच्याच जागी दुरुस्ती छापण्याची सक्ती, हे तिसऱ्या वाटेचं त्रिकूट धरेन. सार्वमत उद्या मिळालं तरी हे नसेल तर कॅलिफोर्नियासारखं होणार. हे असेल तर निदान साध्या निवडणुकीतही उपयोगी पडतं. कार्यकर्ते कुरकुरतील, कारण 'देणगीदारांची यादी जाहीर करा' ही घोषणा तोंडात बसत नाही. यादीत पहिलं नाव आपल्याच संघटनेचं लावायची तयारी असेल, तर पुढच्या बैठकीत ठराव मांडा.