दोन दारांचा तंबू आणि सह्याद्री: गणपतीनंतर घेतला, पुढच्या वळवापर्यंत वापरला

तंबू घ्यायला दुकानात गेलं की विक्रेता आधी पावसाचे आकडे सांगतो. बाहेरचं कापड तीन हजार मिलिमीटर, तळ पाच हजार मिलिमीटर. म्हणजे कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा राहीपर्यंत थेंब आत झिरपत नाही. आमच्या तंबूचे आकडे हेच आहेत आणि त्याबद्दल तक्रार नाही. पण आपल्याकडे तंबू घेऊन डोंगरात जायचा खरा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. त्या दिवसांत तंबूची परीक्षा पाऊस घेत नाही. दव, वारा आणि कातळ घेतात. याबद्दल दुकानात कोणी चकार शब्द काढत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण याच साच्याचे तंबू चार-पाच कंपन्या विकतात. पॉलिएस्टरचा, दोन थरांचा, दोन अॅल्युमिनियमच्या काठ्यांवर स्वतः उभा राहणारा, दोन्ही बाजूंना दार आणि प्रत्येक दाराबाहेर छोटीशी पडवी. वजन २.७ किलो. आम्ही नवरा-बायको ते वाटून घेतो: काठ्या, खुंट्या आणि आतली जाळी त्याच्या पाठीवर, बाहेरचं कापड आणि खाली अंथरायचा कागद माझ्या. वाटणी बरोबरीची वाटते खरी, पण सकाळी निघताना दवाने निथळणारं कापड कोणाच्या सॅकमध्ये जातं ते बघा.

आधी जागेबद्दल. ‘दोन माणसांचा’ याचा अर्थ दोन मॅट शेजारीशेजारी मावतात, एवढाच. आमच्या तळाची रुंदी १३० सेंटीमीटर आहे. नेहमीची झोपायची मॅट साधारण ५१ सेंटीमीटरची, म्हणजे दोन मॅट टाकल्यावर वीतभरच जागा उरते. तिथे टॉर्च, पाण्याची बाटली आणि चष्मा राहतो. सॅक पडवीत. नवरा सहा फुटी आहे, त्यामुळे त्याची स्लीपिंग बॅग पायाकडच्या कापडाला टेकते आणि सकाळी तेवढीच ओली होते. उंच माणसाने दुकानातच तंबू उभा करायला लावून आत आडवं होऊन बघावं. लाज वाटते, पण बघावं.

यात सगळ्यात वसूल झालेली गोष्ट म्हणजे दोन दारं. मैत्रिणीकडून उसना आणलेला एक दाराचा तंबू आम्ही आधी वापरला होता. त्यात आतल्या बाजूच्या माणसाला रात्री उठायचं असेल तर दुसऱ्याला ओलांडून जावं लागतं, आणि थंडीत रात्री उठावं लागतंच. दोन दारांमुळे वजन थोडं वाढतं, पण ते मी आनंदाने उचलते. शिवाय दोन्ही दारांच्या वरच्या झडपा उघड्या ठेवल्या की वारा आरपार जातो. दवाच्या रात्री त्याचा उपयोग कळतो.

भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी, रतनवाडीच्या बाजूला, डिसेंबरात राहिलो होतो. पहाटे बाहेरच्या कापडाला आतून इतकं पाणी होतं की हात लागला तर कोपरापर्यंत ओघळ यायचा. तंबू गळतोय असं कोणालाही वाटेल. तसं नसतं. निरभ्र रात्री कापड आपली उष्णता आभाळाकडे टाकत हवेपेक्षाही गार होतं, आणि दोघांच्या श्वासातली वाफ आणि पाण्याकाठची दमट हवा त्यावर जमते. आतली जाळी वेगळी असल्यामुळे ते पाणी अंगावर न पडता बाहेरच्या कापडावरून खाली जातं. एकाच थराचा स्वस्त तंबू असता तर स्लीपिंग बॅगच पिळावी लागली असती. तेव्हापासून आम्ही पाण्याला चिकटून राहायचं सोडलं. थोडं वर चढून एखाद्या झाडाखाली लावलं तर दव निम्म्याहून कमी. फोटो तेवढा चांगला येत नाही, हे मान्य.

वाऱ्याची गोष्ट हरिश्चंद्रगडावर कळते. आम्ही पाचनईकडून चढलो आणि मुक्काम कोकणकड्याच्या बाजूला केला. गड १४२४ मीटर उंच, आणि हा कडा मध्ये आत वळलेला, त्यामुळे कोकणातून येणारा वारा कड्यावरून सरळ वर उसळतो. अगदी कड्याच्या काठाशी तंबू लावून फोटो काढणारे बरेच दिसतात. ते धोक्याचं तर आहेच, शिवाय तिथे झोपही लागत नाही. आम्ही बरंच मागे, झुडपांच्या आडोशाला लावला आणि पायाकडची बुटकी बाजू वाऱ्याकडे ठेवली. तरीही मध्यरात्री एका बाजूचं कापड आत येऊन माझ्या गालाला लागत होतं. काठ्या वाकल्या आणि परत सरळ झाल्या. फायबरग्लासच्या काठ्या अशा वेळी उभ्या चिरतात, म्हणून पैसे वाचवायचे असतील तर ते दुसरीकडे कुठेतरी वाचवा.

मात्र ताणाच्या दोऱ्या सगळ्या बांधल्या तरच काठ्या टिकतात, आणि इथे कातळ आडवा येतो. सह्याद्रीच्या माथ्यावर चार बोटं मातीखाली काळा बेसॉल्ट. तंबूसोबत आलेल्या बारीक खुंट्या मुरमातसुद्धा वाकल्या. कातळात तर प्रश्नच नाही. म्हणून दगड. दोरीच्या फासात एक छोटा दगड अडकवायचा आणि त्याच्या पुढे, तंबूच्या बाजूला, दोरीवर मोठा धोंडा ठेवायचा. दोरी ताणली की छोटा दगड मोठ्याला येऊन अडतो आणि सुटत नाही. बेसॉल्टच्या धारेवर दोरी घासून तुटते, तिथे जुन्या मोज्याचा तुकडा गुंडाळतो. दगड उचलताना आधी काठीने हलवून घ्या. त्याखाली विंचू किंवा फुरसं असू शकतं, आणि रात्री टॉर्चच्या उजेडात ते दगडाच्याच रंगाचं दिसतं.

यावरूनच सांगते, हल्ली ट्रेकिंगच्या काठ्यांवर ताणून उभे करायचे खूप हलके तंबू मिळतात. खुंटीशिवाय ते उभेच राहत नाहीत. आपल्या कातळावर असला तंबू मी तरी नेणार नाही.

साल्हेरवर एक खोट सापडली. १५६७ मीटरचा हा महाराष्ट्रातला सर्वात उंच किल्ला, आणि जानेवारीत वर गंगासागर तलावाजवळच्या सपाटीवर वारा जमिनीलगत झाडू मारल्यासारखा फिरतो. आमच्या तंबूची आतली भिंत वरपासून खालपर्यंत जाळीची आहे. बाहेरचं कापड आणि जमीन यांत फट राहते, तिथून बारीक धूळ आत आली आणि सकाळी आमच्या भुवया पांढऱ्या होत्या. गारठाही तिथूनच येतो. ज्यांना मुख्यतः थंडीत जायचंय त्यांनी आतली भिंत अर्धी कापडाची असलेला प्रकार घ्यावा. उलट, रतनगडाच्या गुहेत आम्ही नुसती जाळीच उभी केली. किडे नाहीत, उंदीर नाहीत, आणि पडल्यापडल्या गुहेचं छत दिसतं. तिथे पूर्ण जाळी आवडली.

पावसाची परीक्षा शेवटी मे महिन्याच्या अखेरीस, काजवे बघायला साम्रदला गेलो तेव्हा झाली. गावातल्या एका काकांना विचारून त्यांच्या जागेत तंबू लावायचा होता. मला भाताचं खाचर फार आवडलं: सपाट, मऊ, दगड नाही. काका म्हणाले, “ताई, खाचर पानी धरायलाच केलेलं असतं. तिकडं बांधावर लावा.” रात्री वळीव आला. तासभर कोसळला, खाचरात घोट्याएवढं पाणी. तंबूच्या शिवणीतून किंवा तळातून थेंबही आला नाही. लाल मातीचे शितोडे तेवढे फटीतून जाळीवर उडाले. खाली अंथरायचा कागद तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी थोडा लहान हवा. बाहेर डोकावला तर कापडावरून उतरणारं पाणी त्याच्यावर पडून थेट आपल्या पाठीखाली येतं. विजा चमकायला लागल्यावर मात्र आम्ही तंबू तसाच सोडून काकांच्या ओसरीवर जाऊन बसलो. तंबू विजेपासून वाचवत नाही. पडवीत गॅसची शेगडीही आम्ही पेटवत नाही, बाहेर कितीही पाऊस असला तरी. चहा नंतरही होतो.

पावसाळ्यात तंबू घरी असतो तेव्हाच जास्त खराब होतो, हे ठाणे-मुंबईकडच्यांनी लक्षात घ्यावं. कापडावरचा पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा लेप दमटपणात हळूहळू विरतो, चिकट होतो आणि त्याला आंबूस वास यायला लागतो. म्हणून ट्रेकवरून आल्यावर दोन दिवस घरात पंख्याखाली पसरून ठेवायचा. पिशवीत घट्ट कोंबायचा नाही, जुन्या उशीच्या अभ्र्यात सैल भरायचा. आमच्या हॉलमध्ये अशा वेळी पाय ठेवायला जागा नसते आणि सासूबाई त्यावर रोज एक तरी वाक्य बोलतात.

चेनचं दुखणं साल्हेरनंतर सुरू झालं. धुळीने एका दाराचा रनर झिजला, दात जुळत होते पण मागे उघडत जायचे. कंपनीला फोटो पाठवले. उत्तर आलं की आतला भाग पूर्ण बदलावा लागेल, आणि त्याची किंमत तंबूच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. स्टेशनजवळ बॅगा दुरुस्त करणारे एक जण बसतात. त्यांनी जुना रनर पकडीने उघडून काढला, त्याच मापाचा दुसरा बसवला, टोकाला दोन टाके मारले आणि दुसऱ्या दाराचाही बदलून दिला. आता दर ट्रेकनंतर जुन्या टूथब्रशने दात साफ करते आणि त्यावरून मेणबत्ती फिरवते. जोराच्या पावसात अजून तपासलेलं नाही, पण उघडझाप नव्यासारखी होते.